देणे लागतो : एका इंग्रजी क्रियापदाची खतावणी



इंग्रजीतील नित्य वापराच्या क्रियापदांपैकी व्यापारी माणसाच्या सर्वांत जवळचे कोणते, असे कोणी विचारले तर ‘खरेदी करणे’ आणि ‘विकणे’ या अर्थाची दोन क्रियापदे चटकन ओठांवर येतील. माझे उत्तर वेगळे आहे. रोखीने घेतले आणि रोखीने विकले की तो व्यवहार तेथेच संपतो. माल उधारीवर उचलला, की मात्र दोन पेढ्यांमध्ये एक संबंध उत्पन्न होतो आणि पैसे पोहोचेपर्यंत तो टिकून राहतो. हा संबंध सांगणारे इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘ओ’. ते ओ, डब्ल्यू आणि ई अशा तीन अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे पुष्कळ मंडळी त्याचा उच्चार ‘ओव्ह’ असा करतात. परंतु त्यातील डब्ल्यू स्वतंत्रपणे उच्चारला जात नाही, केवळ लांबट ‘ओ’ एवढाच उच्चार होतो. मराठीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’.

बँकेतील नोकरीच्या काळात हा शब्द इंग्रजी पत्रांतून माझ्यासमोर रोज येत असे. तो वापरताना होणाऱ्या चुका ठरावीक आहेत आणि त्या टाळणे सोपे आहे. परंतु या शब्दाच्या पोटात जो अर्थ साठलेला आहे, तो आपल्या घरांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. म्हणून आधी वापर पाहू, मग कूळ पाहू आणि शेवटी कायदा व कर्तव्य यांच्याकडे वळू.

वाक्यातील जागा

‘आय ओ हिम फाइव्ह थाउजंड रुपीज’ म्हणजे ‘मी त्यांचे पाच हजार रुपये देणे लागतो’. येथे आधी माणूस येतो आणि मग रक्कम. रक्कम आधी सांगायची असेल तर माणसाच्या आधी ‘टु’ हे अव्यय घालावे लागते: ‘आय ओ फाइव्ह थाउजंड रुपीज टु हिम’. आपण मराठीत ‘मी त्यांच्याकडून उसने घेतले’ असे म्हणतो; त्या ‘कडून’च्या सवयीने काहीजण येथे ‘फ्रॉम’ वापरतात. ते अशुद्ध होय. घेतले ते त्यांच्याकडून, पण देणे आहे ते त्यांना, आणि हे क्रियापद देण्याच्या दिशेकडे पाहते.

दुसरी चूक काळाची. ‘आय ॲम ओइंग’ असे लिहिलेली पत्रे मी पुष्कळ पाहिली. चालणे, लिहिणे, मोजणे या क्रिया आहेत. त्या चालू असू शकतात. देणे लागणे ही क्रिया नसून स्थिती आहे. झोपेत असतानाही माणूस देणे लागतच असतो. म्हणून येथे साधा वर्तमानकाळच वापरावा. ‘दी अमाउंट ओइंग’, म्हणजे ‘येणे असलेली रक्कम’, हा प्रयोग मात्र शुद्ध आहे. कारण तेथे तो शब्द रकमेचे विशेषण म्हणून आलेला असतो.

तिसरी चूक एका अक्षराची आहे, पण ती पत्राचा अर्थच उलटा करते. ई च्या जागी एन लिहिला की ‘ओ’चे ‘ओन’ होते आणि ‘ओन’ म्हणजे मालकी असणे. ‘मी आपले पाच हजार रुपये देणे लागतो’ असे लिहू पाहणारा मनुष्य ‘पाच हजार रुपयांपुरता मी आपला मालक आहे’ अशा थाटाचे काहीतरी लिहून बसतो. वाचणाऱ्याला हसू येते. परंतु हे दोन शब्द इतके सारखे दिसतात, याला कारण आहे. ते पुढे येईलच.

चौथा भेद चुकीपेक्षा सूक्ष्म आहे, आणि व्यापारात तो उपयोगी पडतो. ‘ओ’ आणि ‘ड्यू’ हे एक नव्हेत. समजा, आपण १ जूनला तीस दिवसांच्या मुदतीवर माल उचलला. त्या दिवसापासूनच आपण त्याची किंमत देणे लागतो. ताळेबंदात ती त्याच दिवशी देणे म्हणून दिसली पाहिजे. पण ती रक्कम ‘ड्यू’ होते १ जुलैला, म्हणजे त्या दिवशी ती देय होते, आणि त्यानंतर ती ‘ओव्हरड्यू’, म्हणजे थकीत. देणे आज जन्माला येते, मागण्याचा हक्क ठरलेल्या दिवशी. ‘अजून ड्यू झाले नाही’ याचा अर्थ ‘अजून देणे नाही’ असा घेणारे दुकानदार महिनाअखेरीस गल्ल्यातील सर्व रोकड आपलीच समजतात आणि अडचणीत सापडतात. नव्या पिढीतील मुलांना हिशोब शिकवताना हा भेद आरंभीच सांगावा, असे मला वाटते.

पैशाव्यतिरिक्तही हे क्रियापद चालते. ‘आय ओ यू ॲन अपॉलॉजी’ म्हणजे ‘मी आपली क्षमा मागणे लागतो’. ती अजून मागितलेली नाही, पण माझ्या नावे पडलेली आहे. ‘मला जे यश मिळाले ते गुरुजनांमुळे’ हे सांगतानाही इंग्रजी माणूस हाच शब्द वापरतो: मी माझे यश त्यांना देणे लागतो, असा त्याचा शब्दशः भाव. आपण अशा वेळी ‘मी त्यांचा ऋणी आहे’ म्हणतो. दोन्ही भाषांनी कृतज्ञता सांगण्यासाठी वहीतलाच शब्द उचलला आहे.

शब्दाचे कूळ

आता कुळाकडे वळू. आजपासून सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, जिला जुनी इंग्रजी म्हणतात, ‘आगन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘जवळ असणे, मालकीचे असणे’. आजचे ‘ओ’ हे त्याचेच रूप. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आज ‘देणे लागणे’ आहे, त्याचा मूळ अर्थ ‘जवळ असणे’ असा होता! याच क्रियापदाच्या कुळातून ‘स्वतःचे’ या अर्थाचे ‘ओन’ निघाले. म्हणूनच ‘ओ’ आणि ‘ओन’ यांचा चेहरा एवढा मिळतो. ती सख्खी भावंडे आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतही, म्हणजे इसवी सन १६०० च्या सुमारास, ‘ओ’ हा शब्द काही ठिकाणी मालकीच्या जुन्या अर्थाने आलेला आढळतो. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचे नाते आपल्या संस्कृतातील ‘ईश्’ या धातूशी जोडतात. ‘ईश’ म्हणजे स्वामी, ज्याची सत्ता चालते तो.

जवळ असण्यापासून देणे लागण्यापर्यंत हा शब्द कसा पोहोचला? जुन्या इंग्रजीत ‘चुकते करण्यासाठी जवळ असणे’ असा प्रयोग होत असे. कालांतराने त्यातील ‘चुकते करण्यासाठी’ हा भाग बोलण्यातून गळाला आणि उरलेल्या शब्दानेच सगळा अर्थ आपल्या अंगावर घेतला. लॅटिनमध्येही असेच घडले. इंग्रजीतील ‘डेट’, ‘डेबिट’, ‘ड्यू’ आणि ‘ड्यूटी’ हे चारही शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आले, त्याचे दोन भाग पाडले तर ‘दुसऱ्याचे आपल्याजवळ असणे’ असाच अर्थ निघतो. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच ठिकाणी येऊन मिळतात: ऋणको म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो नव्हे, तर ज्याच्याजवळ दुसऱ्याचे काही आहे तो.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. बाजारात आपण काय म्हणतो? ‘त्यांचे पाच हजार माझ्याकडे आहेत.’ या वाक्यात ना कर्ज हा शब्द आहे, ना देणे. पैसे माझ्याकडे आहेत, पण ते त्यांचे आहेत, एवढेच आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सगळे कळते. इंग्रजीने हजार वर्षांपूर्वी जो विचार केला, तो आपल्या पेढीवरच्या साध्या बोलीत आजही जिवंत आहे.

आणखी एक रूप पाहावयाचे राहिले. ‘आगन’ या क्रियापदाचे जे भूतकाळी रूप होते, त्यापासून आजचा ‘ऑट’ हा शब्द बनला. ‘यू ऑट टु गो’ म्हणजे ‘तुम्ही गेले पाहिजे’. शाळेत आपण तो कर्तव्यदर्शक साहाय्यक क्रियापद म्हणून पाठ केला. पण जन्माने तो ‘ओ’चाच भूतकाळ आहे. इंग्रजीतील दुसरे कर्तव्यदर्शक रूप ‘शॅल’ आणि त्याचे ‘शुड’, यांचाही जुना अर्थ ‘देणे लागणे’ असाच होता. म्हणजे इंग्रजी मनुष्य ‘मी हे केले पाहिजे’ असे म्हणतो, तेव्हा नकळत तो ‘हे माझ्याकडे देणे आहे’ असेच म्हणत असतो.

मराठीतही असाच एक जोड आहे. ‘मी देणे लागतो’ आणि ‘मला द्यावे लागते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. क्रियापद एकच, ‘लागणे’. पहिल्या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे. देणे मी स्वतःच्या तोंडाने मान्य केलेले आहे. दुसऱ्यात ‘मला’ आले; तेथे कोणीतरी बाहेरून भाग पाडीत आहे: तगादा, नोटीस किंवा न्यायालय. याला तिसरे वाक्य जोडावे: ‘मी दिले पाहिजे’. ते ‘ऑट’चे वाक्य, आणि ते केवळ मनाचे आहे. व्यवहाराचे सर्व प्रश्न या तीन वाक्यांतील अंतरात उभे राहतात.

कायद्याची तीन वर्षे

यांपैकी दुसरे वाक्य, ‘द्यावे लागते’ हे, कायद्याच्या हाती आहे आणि कायदा त्याला मुदत घालतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या दिलेल्या रकमेसाठी किंवा विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे. मालाला उधारीची निश्चित मुदत दिली असेल तर ती संपल्यापासून तीन वर्षे. दिली नसेल तर माल पोचता केल्यापासून तीन वर्षे. त्यानंतर न्यायालयाचे दार बंद होते.

मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपल्या सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या सहीच्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. त्या कायद्याच्या १८ व्या कलमात ही तरतूद आहे. बँका दरवर्षी कर्जदाराकडून शिल्लक मान्य असल्याच्या पत्रावर सही घेतात, त्याचे कारण हेच. काही कर्जदारांना तो अविश्वास वाटे. ‘साहेब, इतकी वर्षे व्यवहार आहे, तरी सही मागता?’ असे ते म्हणत. वस्तुतः त्या पत्रात एवढेच लिहिलेले असते, की मी अमुक रक्कम देणे लागतो. ‘ओ’ या क्रियापदाचे ते एका पानाचे रूप होय. आपल्या व्यापारात वर्षअखेरीस एकमेकांकडून खात्याचा उतारा सही करून घेण्याची पद्धत आहे. ती ज्यांनी सोडली असेल त्यांनी पुन्हा सुरू करावी.

‘आय ओ यू’ या तीन शब्दांच्या उच्चारावरून इंग्रजीत उसनवारीच्या चिठ्ठीला ‘आयओयू’ असे नावच पडले. अशी चिठ्ठी हाती असली की आपण सुरक्षित आहोत, असे पुष्कळांना वाटते. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने याचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे. त्याच्या ४ थ्या कलमात वचनचिठ्ठीची व्याख्या आहे आणि खाली उदाहरणे आहेत. ‘मी मागणी होताच देईन’ असा अर्थ ज्या लेखातून निघतो, त्याला कायदा वचनचिठ्ठी मानतो. परंतु अमुक गृहस्थाचे नाव आणि ‘आय ओ यू रुपये एक हजार’ एवढाच मजकूर असलेला कागद वचनचिठ्ठी नव्हे, असे तेथे उदाहरणानेच सांगितले आहे. कारण ‘देणे लागतो’ ही कबुली आहे. ‘देईन’ हे वचन आहे. कबुलीचा कागद पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण त्याला वचनचिठ्ठीचे बळ येणार नाही. नात्यात किंवा मित्रमंडळीत रक्कम देताना कागद करावयाचाच असेल, तर त्यात ‘देईन’ हा शब्द, रक्कम, तारीख आणि सही आहे ना, हे पाहावे.

आता मुख्य मुद्दा. तीन वर्षे उलटली, कबुली घेतली नाही, म्हणून देणे संपले काय? पुष्कळांचा समज तसा आहे आणि तो चुकीचा आहे. अशा रकमेच्या बाबतीत मुदतीचा कायदा वसुलीचा मार्ग बंद करतो. देणे पुसून टाकत नाही. याचे दाखले कायद्यातच आहेत. १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे, मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचन ऋणकोने दिले, तर ते नव्या मोबदल्याशिवायही बंधनकारक ठरते. त्याच कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे, अनेक देणी असलेल्या ऋणकोने कोणत्या देण्यापोटी पैसे दिले ते सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते दिसत नसेल, तर धनको ती रक्कम मुदतबाह्य कर्जापोटीही जमा करू शकतो. देणे मेलेलेच असते, तर हे शक्य झाले नसते. म्हणजे ‘द्यावे लागते’ हे वाक्य तीन वर्षांनी गळून पडते; ‘देणे लागतो’ हे वाक्य तसेच राहते.

वडिलांचे देणे

हाच प्रश्न पिढी बदलली की अधिक टोकदार होतो. वडिलांचे कर्ज पुत्राने फेडावे, हे पूर्वीच्या हिंदू कायद्यात पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले जाई आणि न्यायालये त्या आधारावर एकत्र कुटुंबातील पुत्राच्या हिश्श्यातूनही वसुली मान्य करीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून, त्या तारखेनंतरच्या कर्जांबाबत, केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर पुत्र, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध जाण्याचा हक्क न्यायालय मान्य करीत नाही. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. आज वारसाची जबाबदारी सामान्यतः मृत व्यक्तीकडून त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती असते. त्याने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

दुरुस्ती योग्यच होती. जी सही आपण केली नाही, तिचा बोजा जन्मभर वाहावा, असे कायद्याने कोणालाही सांगू नये. पण यातून एक गोष्ट घडली. पूर्वी न्यायालय जे काम करीत असे, त्याचा काही भाग आता घरावर आला.

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी मी शाखाधिकारी असताना, एका किराणा व्यापाऱ्याचे निधन झाले. बँकेचे खाते नीट होते, त्याविषयी प्रश्न नव्हता. काही दिवसांनी त्यांचा मुलगा एक जुनी खिशातली वही घेऊन आला. तीत वडिलांच्या हातची ओळ होती: एका व्यक्तीचे नाव आणि पुढे ‘यांचे ३,००० माझ्याकडे’. तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. ती व्यक्ती पूर्वी त्यांच्याच दुकानात हमाल होती आणि पुढे गाव सोडून गेली होती. हमालाने कधी मागणी केलेली नव्हती. त्याच्याकडे कागदही नसावा. मुलाने मला विचारले, ‘काका, कायद्याने हे द्यावे लागते का?’ मी खरे तेच सांगितले, की मुदत केव्हाच संपली आहे, दावा होऊ शकत नाही. त्याने वही पुन्हा उघडून ती ओळ पाहिली आणि म्हणाला, ‘पण बाबांनी ‘द्यायचे आहेत’ असे लिहिलेच नाही. त्यांचे माझ्याकडे, असे लिहिले आहे. मग आता ते माझ्याकडे आहेत.’ दोन महिन्यांनी त्याने हमालाच्या घरच्यांचा पत्ता शोधून काढला आणि व्याजासह रक्कम पोचती केली. त्याला इंग्रजी शब्दाचे मूळ माहीत असण्याचा संभव नव्हता. मराठी वाक्य त्याने नीट वाचले, एवढेच.

आपल्या परंपरेत या गोष्टीला नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. तेथे सत्यव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ येतो. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. ठेवणारा आकडा विसरला आणि त्याने कमी मागितले, तेव्हा ‘होय, तेवढेच आहे’ असे म्हणून गप्प राहणे म्हणजे न्यासापहार, असे टीकाकार समजावून सांगतात. लक्षात घ्यावे, की हा दोष चौर्याच्या नव्हे तर असत्याच्या बाजूला घातलेला आहे. कारण येथे कोणी काही उचललेले नसते. दुसऱ्याचे आपल्याजवळ आहे, हे सांगणे मात्र टाळलेले असते.

मुंबईला आलेला एक ऋणको

इंग्रजी लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी ‘ओ’ आणि ‘ऑट’ यांचे नाते जगून दाखविले, त्यांत मार्क ट्वेन या अमेरिकी विनोदी लेखकाचे नाव अग्रभागी आहे. त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली होती. अक्षरजुळणीच्या एका यंत्रातही त्याने प्रचंड रक्कम गुंतविली आणि ती बुडाली. १८९३ च्या आर्थिक अरिष्टानंतर, १८९४ च्या एप्रिलमध्ये प्रकाशनसंस्था कोसळली. दिवाळखोरीचा मार्ग घेऊन, जमेल तेवढे देऊन मोकळे होणे त्याला शक्य होते. त्याने आणि त्याच्या पत्नीने पै न् पै चुकती करण्याचे ठरविले. १८९५ च्या जुलैत, साठीला टेकलेला हा मनुष्य व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिलोन असे करीत १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस पोहोचला. तेथून हिंदुस्थानात पुष्कळ फिरून पुढे तो दक्षिण आफ्रिकेस गेला. प्रवास संपतो न संपतो तोच अमेरिकेत त्याची थोरली मुलगी वारली. तरीही त्याने लेखन थांबविले नाही, आणि १८९८ साली सर्व धनकोंचे पैसे पूर्ण फिटले. व्यवहार सावरण्याच्या कामी हेन्री रॉजर्स या उद्योगपती मित्राने त्याला मोठे साहाय्य केले.

या प्रवासावर त्याने १८९७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मुंबईतील एका जैन मंदिराच्या भेटीचा उल्लेख आहे. शिकागोच्या धर्मपरिषदेला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या श्री. गांधी यांनी उत्तम इंग्रजीत आपल्याला त्या धर्माची ओळख करून दिली, असे तो लिहितो. हे गृहस्थ म्हणजे १८९३ च्या परिषदेत जैनांचे प्रतिनिधित्व केलेले वीरचंद राघवजी गांधी. कर्ज फेडण्यासाठी जग पालथे घालणारा तो पाहुणा आणि वीरचंदजी मुंबईत समोरासमोर उभे होते, ही घटना आपल्या वाचकांना माहीत असावी म्हणून मुद्दाम नमूद केली.

ट्वेनच्या आधी स्कॉटलंडच्या सर वॉल्टर स्कॉटनेही हेच केले होते. १८२६ साली त्याच्याशी संबंधित मुद्रण व प्रकाशनसंस्था बुडाल्या तेव्हा त्याच्यावर लाख पौंडांहून अधिक देणे आले. दिवाळखोरी नाकारून तो १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिला, आणि उरलेले देणे पुढे त्याच्याच पुस्तकांच्या उत्पन्नातून फिटले.

ही उदाहरणे सांगताना दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. धंदा बुडणे हा गुन्हा नव्हे आणि ज्याची खरोखरच ऐपत संपली आहे, त्याच्यासाठी कायद्याने वाट ठेवली आहे ती योग्य आहे. वसुलीच्या धास्तीने घरे उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. अशा माणसाला ‘दिले पाहिजे’ असे बाहेरून ऐकविण्याचा अधिकार कोणालाच नाही. ‘ऑट’ हे वाक्य माणसाने स्वतःला उद्देशून म्हणावयाचे असते. ऐपत असूनही जो कॅलेंडरकडे बोट दाखवितो, त्याच्यापुरताच आपला प्रश्न आहे.

घरासाठी एक सूचना

आपल्या बहुतेक घरांत येणे नीट लिहिलेले असते. देणे मात्र कर्त्या माणसाच्या डोक्यात असते. बँकेचे, सरकारचे आणि नोंदलेल्या व्यापाऱ्यांचे देणे संगणकात सापडते. परंतु बहिणीने अडचणीच्या वेळी दिलेले दागिने, मेहुण्याने दुकानाच्या पागडीसाठी दिलेली रक्कम, जुन्या नोकराने सांभाळायला ठेवलेले पैसे, मंदिराच्या बोलीत बोललेला आणि भरावयाचा राहिलेला आकडा, हे कोठेही लिहिलेले नसते. कर्ता गेला की हे सर्व त्याच्याबरोबर जाते आणि मग दोन घरांत कायमची अढी बसते. देणाऱ्याला मागण्याची लाज वाटते. घेणाऱ्याच्या मुलांना काही ठाऊकच नसते.

यासाठी वर्षातून एकदा, पाडव्याला नव्या वहीचे पूजन होते तेव्हा, एका स्वतंत्र पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात कायद्याने द्यावी लागतील ती देणी, दुसऱ्यात मुदत गेली असली किंवा कागद नसला तरी आपण लागतो ती देणी, आणि तिसऱ्यात ज्यांचा आकडा नाही अशी देणी: कोणाची मागावयाची राहिलेली क्षमा, कोणाच्या उपकाराची न दिलेली पोच. पानाखाली तारीख व सही करावी आणि ते मुलांना व सुनांना दाखवावे. कोणतेही देणे लिहिताना ‘अमुक यांचे माझ्याकडे’ अशीच सुरुवात करावी, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला अर्थ लावीत बसावे लागणार नाही.

पुढील लेखांकात ‘ट्रस्ट’ या शब्दाकडे वळण्याचा विचार आहे. तो नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही, आणि आपल्या संस्थांच्या कारभारात त्याच्या दोन्ही रूपांची गरज भासते.